घरबसल्या टायपिंगचं काम : माझा अनुभव

'घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला १५ हजार कमवा' असा मेसेज मला २०२२च्या दिवाळीनंतर आला. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना सोडून बाहेर नोकरीला जाणं शक्य नव्हतं. बार्शीत बसून चार पैसे मिळत असतील तर का नको, असं वाटलं. आधार कार्डाचा फोटो पाठवला, मोबाइलवर आलेल्या करारावर सही केली. पाच दिवसांत ५०० फॉर्म भरायचे होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून भरले.

सहाव्या दिवशी फोन : अचूकता ९० टक्क्यांच्या खाली गेली, करारानुसार ५,८०० रुपये भरा. नेमकं कुठे चुकलं ते दाखवायला मात्र कुणी तयार नाही. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर नोटीस आली, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. माझे हातपाय गार पडले. दोन दिवस घरात कुणाजवळ बोलले नाही. शेवटी ह्यांना सांगितलं आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या ताईंनी नोटीस वाचली. "ह्यावर ना केस नंबर, ना वकिलाचा सनद क्रमांक. एक रुपया भरू नका. पैसे गेले असते तर लगेच १९३० ला फोन करायचा असतो." सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. आठवडाभर फोन येत राहिले, मग थांबले. काम देणाराच आपल्याकडे पैसे मागतो तेव्हा ते काम नसतं, हे मी आता भेटेल त्या बाईला सांगते.

खरं काम शेजारच्या वहिनींच्या मुलीमुळे मिळालं. ती पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे. शेतकऱ्यांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून जशीच्या तशी मराठीत उतरवणारं माणूस त्यांना हवं होतं. दहा मिनिटांचा नमुना पाठवला, तो परत आला. मी लग्नाआधी डीटीपीच्या क्लासमध्ये श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शिकले होते, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर माझ्या मजकुराच्या जागी नुसती चिन्हं दिसत होती. त्यांना ते युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा टायपिंगमध्ये, हवं होतं.

मग युनिकोडमध्ये टाइप करायचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला बसले. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, 'डी'च्या कळीवर. महिनाभर रोज एक तास. सगळ्यात जास्त अडले ते 'ऱ्य'पाशी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही दोन वेगळी माणसं आहेत, एक गुरुजी आणि एक स्वयंपाकी. दुसऱ्यासाठी शिफ्ट धरून 'जे', मग 'डी', मग 'य'. बोटांना ते वळण लागलं त्या दिवशी मला फार आनंद झाला. दुसरा नमुना पास झाला.

रेकॉर्डिंगच्या मिनिटाला २० रुपये ठरले. तासाभराचं बोलणं उतरवायला मला पाच तास लागतात. वारा असतो, बैल हंबरतात, दोघं एकदम बोलतात. कळलं नाही तिथे रेकॉर्डिंगमधली वेळ टाकून 'अस्पष्ट' लिहायचं, मनाचं घालायचं नाही.

२०२३-२४ मध्ये ६४,००० रुपयांचं काम झालं, खात्यात आले ५७,६००. मला वाटलं, पुन्हा फसले. पण दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला होता आणि तो माझ्या पॅनवर, कापलेल्या कराची नोंद असते त्या २६एएस मध्ये दिसत होता. पॅन दिला नसता तर वीस टक्के गेले असते. माझं उत्पन्न करपात्र नव्हतंच, म्हणून कापलेले पैसे परत मिळवायला ३१ जुलैच्या आत सीएंकडून रिटर्न भरून घेतलं. सप्टेंबरमध्ये ६,४०० परत आले. त्यातून सासूबाईंसाठी वॉकर घेतला.

आता मी त्यांच्या खोलीतच बसते. परवा एक म्हातारे शेतकरी पेरणीबद्दल बोलत होते. एक वाक्य मी चार वेळा मागे घेतलं, मला ऐकू येत होतं, 'झाडावर मूठ धरायची'. इयरफोन काढून आवाज मोठा केला. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "झाडावर नाही गं, चाड्यावर. तिफणीचं चाडं. त्यात बी सोडतात मुठीनं. मी सोडलंय की बारा वर्षं." मी ते खोडून लिहिलं, आणि त्या म्हणाल्या, "पुढचं लाव बघू, अजून काय म्हणतोय तो."