आफ्लाओची रेषा

कोटोनू, बेनिन. रात्री साडेदहा.

घानातल्या अक्रात आत्ता साडेनऊच वाजले असतील. टोगो ओलांडून बेनिनमध्ये शिरलं की घड्याळ तासभर पुढे करायचं. आणि टोगोचा किनारा तो केवढा, जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर! सकाळी पाकिटात घानाचे सेदी होते, दुपारपासून सीएफए फ्रँक. तो टोगो-बेनिन दोन्हीकडे चालतो, ही एक सोय.

घाना-टोगो सरहद्दीवरचा आफ्लाओचा नाका मात्र डोक्यातून जात नाही. लोमे शहर सरहद्दीला अगदी खेटून आहे, नाका ओलांडला की थेट टोगोची राजधानीच. पासपोर्ट, व्हिसा, पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड, असं सगळं हातात धरून मी रांगेत उभी होते. शेजारून एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन झपाझप गेली. घमेल्यात केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे, कणसाच्या सालीत बांधलेले, अजून वाफाळत होते. पलीकडे पोचते न पोचते तोच एका गिऱ्हाइकाशी तिची एवे भाषेत, रेषेच्या दोन्हीकडे बोलतात त्या भाषेत, घासाघीस सुरू. अलीकडच्या पाट्या इंग्रजीत, पलीकडच्या फ्रेंचमध्ये. या दोघींना त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

इथली रेषा इंग्रज आणि जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात आखली. १९१४ च्या युद्धात जर्मन गेले, तेव्हा त्यांचा टोगो इंग्रज-फ्रेंचांनी वाटून घेतला. इंग्रजांच्या वाट्याच्या भागात १९५६ साली सार्वमत झालं आणि तो पुढच्या वर्षी स्वतंत्र घानात गेला. दक्षिणेकडच्या एवे लोकांपैकी बहुतेकांनी त्याविरुद्ध मत दिलं होतं, पण एकूण बेरजेत ते हरले.

मी निपाणीची. १९५६ म्हटलं की आमच्या घरात आजही आवाज चढतो. मराठी निपाणी म्हैसूर राज्यात घालताना आम्हाला तर कुणी मतही विचारलं नव्हतं. म्हणून त्या एवे बायकांकडे मी नुसती प्रवासी म्हणून बघूच शकले नाही.

इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या १९७९ च्या करारामुळे सदस्य देशांच्या नागरिकांना नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. कागदावर हे उत्तमच आहे. पण किरकोळ माल विकणाऱ्या बाईला वाटेतल्या प्रत्येक चौकीवर हात ओले करावे लागत असतील, तर करार तिच्यापर्यंत पोचला असं मी म्हणणार नाही.

उद्या विदाला जायचंय. तिथून लाखो माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंडून नेली, तो किनारा. परवा लागोसची गाडी.