तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगचं काय झालं?

"ब्रदर, तुम्हाले तर नर्सिंगले जायचं होतं म्हणे. मग सोडलं काहून?"

मी नागपुरात एका डायलिसिस युनिटमध्ये, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीननं साफ करतात तिथं, टेक्निशियन आहे, आणि हा प्रश्न मला तिथं नेहमी येतो. पेशंट चार तास मशीनला असतो, सोबतचं माणूस बाहेर बाकावर बसून असतं, गप्पा निघतात. या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा येतो आणि खरं तर तोच विचारायचा असतो: घरातल्या मुलीचा किंवा मुलाचा नर्सिंगला नंबर लागत नाही, दरवर्षी यादी लागते आणि त्यात नाव नसतं, तर अजून एक वर्ष थांबू द्यावं का? बाकावर याचं उत्तर अर्धवटच देता येतं, कारण मध्येच कुठल्या तरी मशीनचा अलार्म वाजतो आणि मला उठावं लागतं. म्हणून एकदा सगळं लिहितो.

मी काटोलकडचा. घरी थोडी संत्र्याची बाग. अकरावीत होतो तेव्हा आबांना लकवा मारला आणि त्यांना मेडिकलमध्ये भरती केलं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असं पूर्ण नाव नागपुरात कुणी घेत नाही. ते मेडिकल आणि इंदिरा गांधी महाविद्यालय म्हणजे मेयो. त्या वॉर्डात एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. आबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असायचं. ते आणि मी मिळून आबांखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळत धरायचो, त्यांनी "हं" म्हटलं की एकदमच उचलायचो. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. मग पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि पोटरीखाली घडी केलेलं पांघरूण अशा बेतानं की टाच गादीला टेकणार नाही. शेवटी ते पाठीवर आणि माकडहाडावर बोट दाबून लाली दिसते का पाहायचे. आबा घरी आले तेव्हा त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. हे काम मला करायचं आहे, असं तेव्हाच मनानं घेतलं.

"पोरानं नर्सिंग?" असं विचारणारे नातेवाईक होतेच. त्यांच्याबद्दल जास्त लिहावं असं काही नाही.

प्रवेशाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण पालकांना यातलं पुष्कळदा ठाऊक नसतं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, तीन वर्षांचं, त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, किमान 40 टक्के. पण हा किमान आकडा फक्त फॉर्म भरण्यापुरता. सरकारी कॉलेजात जागा मोजक्या आणि फी परवडणारी, म्हणून यादी कितीतरी वर बंद होते. आता राज्याचा सीईटी सेल बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी परीक्षा घेतो. 100 प्रश्न असतात: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल पाहणारे. मुलांसाठी काही दारं आधीच बंद असतात. एएनएम, म्हणजे नर्सिंगचा सर्वांत छोटा कोर्स, मुलींसाठीच. लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांत बी.एस्सी.ला प्रवेश मुलींनाच. म्हणजे जिथं माझी मामेबहीण चार ठिकाणी अर्ज करू शकायची, तिथं मला दोनच उरायचे.

यादी पीडीएफमध्ये यायची. काटोलच्या नेट कॅफेत मी ती खाली-खाली सरकवत जायचो. आपला प्रवर्ग सापडला की छातीत धडधड सुरू व्हायची, आणि तो प्रवर्ग संपायचा. वेटिंगवर नाव असलं की आणखी वाईट, कारण मग पुढच्या राउंडपर्यंत घरात कुणी दुसरं काही बोलायचं नाही. दरवर्षी सेतूत जाऊन नॉन-क्रिमी लेयर नवं काढायचं, तेच फोटो, तोच फॉर्म. ज्या घरात हे घडतंय त्यांनी एक लक्षात घ्यावं: त्या यादीत मार्क, प्रवर्ग आणि जागा एवढंच असतं. तुमची मुलगी पेशंटशी कशी बोलते, रक्त पाहून डगमगते का, रात्री जागू शकते का, यातलं काहीच तिथं तपासलेलं नसतं. मुलं मात्र तोच आपल्यावरचा शेरा धरून बसतात. मीही पुष्कळ दिवस तसाच वागत होतो. लग्नकार्यात जायचं टाळायचो.

एकदा एका लांबच्या खाजगी कॉलेजातून फोन आला. जागा आहे, पण वरचे पैसे लागतील. बाबा म्हणाले, संत्र्याचा आंबिया बहार आत्ताच व्यापाऱ्याला देऊन टाकू, उभ्या झाडावर. मी नाही म्हणालो. त्या बहारावर बहिणीचं शिक्षण होतं.

आणि एक संस्था होती, तिचं नाव घेत नाही. बाहेर मोठा बोर्ड: एका वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी. आत टापटीप ऑफिस, भिंतीवर पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचे फोटो. मी विचारलं, कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं का? समोरच्या बाई म्हणाल्या, "ते होऊन जाते, तुम्ही आधी अ‍ॅडमिशन तर घ्या." ते होत नसतं. कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर तुम्ही कायद्यानं नर्स नाही, आणि नोंदणी मान्यताप्राप्त संस्थेतून ठरलेला कोर्स केल्यावरच होते. एका वर्षाचा असा कोर्सच नाही. सर्वांत छोटा एएनएम, तोही दोन वर्षांचा. मला याचा राग येतो, मनापासून येतो, कारण या संस्थांकडे नेमकी तीच मुलं जातात ज्यांना दोन-तीन ठिकाणाहून नकार आलेला असतो. थकलेल्या घरातून पैसा काढणं सोपं असतं. कुणी बोर्ड दाखवला तर पैसे भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा आणि संस्थेचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या व राज्याच्या यादीत स्वतः शोधा. दाखवायला कुरकुर केली तर उठून या.

मधल्या काळात मी घरी बसलो नाही, याचं श्रेय आईला. घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून तिनं काम घ्यायला लावलं. धरमपेठेत एका निवृत्त मास्तरांकडे रात्रपाळीची सोबत. डायपर बदलणं, नळीनं भरवणं, कूस बदलणं. आबांच्या वेळचं सगळं कामी आलं. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, म्हणून आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यायचं. तिथं एका टेक्निशियननं मला मास्तरांचा डावा हात धरायला सांगितला, मनगटाच्या थोडं वर. "काय लागते?" मांजर घुरघुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागतं तशी थरथर होती. तो फिस्टुला. शस्त्रक्रियेनं धमनी शिरेला जोडतात, काही आठवड्यांत शीर जाड आणि मजबूत होते, मग तिच्यात दोन सुया घालता येतात, एकीतून रक्त मशीनकडे जातं आणि दुसरीतून शरीरात परत येतं. ती थरथर थांबली तर वाट बंद होतेय, लगेच दवाखाना गाठायचा. मास्तरांना रोज सकाळी स्वतःच्या हातानं ती तपासायला मी शिकवलं. ते मला सांगायचेही, "चालू आहे गाडी."

त्याच सुमाराला ओळखीच्या एका सिस्टरशी बोललो. पुष्कळ वर्षं सरकारी नोकरी झालेल्या बाई. मला वाटलं धीर देतील. त्या म्हणाल्या, "तू पेशंटजवळ बसायच्या गोष्टी करून राहिला. शिकवणाऱ्या दवाखान्यात तीन पेशंटमागं एक नर्स पाहिजे असं कौन्सिल म्हणते. माझ्याकडं रातच्याला चाळीस असतात. इंजेक्शनं, सलाइनं, नोंदी, भरती, डिस्चार्ज. बसाले मिळत नाही रे. तुले नर्सिंगमधलं नेमकं काय पाहिजे, ते पाह्य आधी."

घरी येऊन मी खरंच विचार केला. मला काय हवं होतं? एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटावा, त्याचं शरीर ओळखीचं व्हावं, हातानं करायचं काम असावं, आणि त्याचा उपयोग त्याच दिवशी दिसावा. ऑपरेशन थिएटर, प्रसूती, सामुदायिक आरोग्य, हे सगळं नर्सिंगमध्ये येतं आणि मोलाचं आहे, पण माझी ओढ तिकडे कधीच नव्हती. हे कळल्यावर डायलिसिस टेक्नॉलॉजीच्या पदवीला अर्ज केला. तिथं नंबर लागला.

आता माझ्याकडे जे आहे ते सांगतो. सकाळची पहिली पाळी येते तेव्हा आधी वजन. दोन डायलिसिसमध्ये जेवढं वजन वाढलं तेवढं जवळजवळ सगळं पाणीच, कारण बहुतेकांना लघवी फार कमी होते किंवा होतच नाही. ते पाणी चार तासांत काढायचं. फार घाई केली तर बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. मशीनमधून मिनिटाला 500 मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे एका माणसामागे 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी. आणि त्या माणसाला स्वतःला दिवसभरात प्यायला लिटरभरसुद्धा नाही. नागपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे, पारा 45 च्या वर जातो, नवतपात रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत माणसाला पाणी पिऊ नको म्हणायचं. आम्ही छोटा बर्फाचा खडा तोंडात धरायला सांगतो, चूळ भरून टाकायला सांगतो, मीठ कमी करायला सांगतो, म्हणजे तहान थोडी आवरते. तरी सोमवारी वजन वाढलेलं दिसतं आणि माणूस डोळे चुकवतो. मी रागावत नाही. कुणी तहानेला रागवावं?

नरखेडकडचे एक बागायतदार येतात. त्यांच्या बागेत मृग बहाराची संत्री लदबदलेली असतात तेव्हा ते पेटी भरून आमच्या सगळ्यांसाठी आणतात आणि स्वतः एक फोडही खाऊ शकत नाहीत. संत्र्यात पोटॅशियम भरपूर, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, वाढलं तर हृदयाची लय बिघडते. ते सोलून देतात आणि साल नाकाशी धरतात. त्यांच्या हातातल्या सुया मी कितीतरी महिने घालतोय. कुठल्या जागी शीर खोल जाते, कुठं वळते, मला डोळे मिटून सांगता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यांचं डायलिसिस बसतं, नाहीतर बाग कधीच विकावी लागली असती.

जे नाही तेही सांगायला हवं. मी नर्स नाही आणि होणार नाही. आमच्या युनिटमधल्या सिस्टर औषधं, संसर्ग, अख्खा पेशंट ज्या नजरेनं पाहतात, ते शिक्षण माझ्याकडे नाही. परदेशी जाण्याची वाट नर्सला जितकी मोकळी तितकी मला नाही, सरकारी जागाही कमी. मेडिकल चौकात नर्सिंगच्या मुलामुलींचा घोळका गणवेशात दिसला की आजही आत काहीतरी हलतं. ते जाईल असं मला वाटत नाही, आणि जायलाच पाहिजे असंही नाही.

माझ्यासोबतच यादीत अडकलेली एक मुलगी थांबली, बारावीचे विषय पुन्हा दिले, जीएनएमला लागली, आता आयसीयूत आहे. पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बी.एस्सी.ची पदवीही मिळते. तिला आयसीयूच हवं होतं, दुसरं काहीच नको होतं. तिनं थांबणं बरोबर होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मार्क थोडक्यात हुकले असतील आणि मुलाला नर्सिंगच करायचं असेल, तर आणखी एक वर्ष द्या, पण बी.एस्सी.साठी हटून न बसता जीएनएमचाही फॉर्म भरा, आणि ते वर्ष घरात बसून जाऊ देऊ नका. मार्क फार मागं असतील तर एकदा मुलासोबत बसून त्याला नर्सिंगमधलं काय आवडतं ते विचारा, डॉक्टरच्या खालोखाल मान किंवा परदेशी पगार एवढंच उत्तर आलं तर तेही ऐकून घ्या, चिडू नका. डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, एक्स-रे, लॅब, या कामांसाठी 2021 मध्ये केंद्रानं वेगळा कायदा केला आहे. त्यातही मान्यता तपासायची, तितक्याच कसोशीनं.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलाला एकदा युनिटवर घेऊन या. पहिली पाळी सकाळी लावतो, ती दुपारी सुटते. इन्चार्जची परवानगी मी काढून ठेवीन. चार तास नुसतं पाहू द्या, सुया घालताना, बीपी पडताना, उलटी होताना, सगळं. येताना बारावीची मार्कशीट आणि ज्या यादीत अडलं तिची प्रिंट आणा. कुठं किती फरक पडला ते पेशंट मशीनला लागला की बाकावर बसून बघू.