अंतर्गोल म्हणजे गोळा करणारा? थांबा जरा

दहावीच्या पोरांना क्लासमध्ये एक घोकून दिलेलं असतं, अंतर्गोल म्हणजे प्रकाश गोळा करतो आणि बहिर्गोल म्हणजे पसरवतो. आरशापुरतं ठीकच आहे ते, पण पुढे भिंगाचा धडा आला की सगळं उलटं होतं, अंतर्गोल भिंग पसरवतं आणि बहिर्गोल गोळा करतं, मग पोरं म्हणतात सायन्स लई किचकट. पोरांचा काय दोष यात.

मुळात अंतर्गोल एवढंच सांगतं की पृष्ठभाग आत दबलाय. भूमितीत तर प्रकाशाचा संबंधच नाही, आकृतीच्या आतले कुठलेही दोन बिंदू घ्या, सरळ रेषेने जोडा, कुठलीही एक जोडी अशी सापडली की रेषा बाहेर जाते, तर ती आकृती अंतर्वक्र, म्हणजे आत दबलेली. उद्यमनगरात एल आकाराचं एखादं शेड असेल तर या टोकाच्या लेथवरचा माणूस त्या टोकाच्या माणसाला दिसत नाही, हाकच मारावी लागते, तेच हे. सहा कोपरे, पाच ९० अंशांचे आणि एक आत दबलेला, आतून २७० चा, बेरीज ७२०, म्हणजे कुठल्याही षटकोनाइतकीच. त्रिकोणाला मात्र हे जमतच नाही, तिन्ही कोन मिळून १८०, त्यात एकटाच १८० च्या वर जाणार कसा.

आता आरसा. किरण आदळून परत फिरतो, आणि अंतर्गोल आरशाच्या कडा आतल्या बाजूला कललेल्या असल्यामुळे तो आतच फेकला जातो. समांतर आलेले किरण जिथे जमतात ती नाभी, आणि आरशापासून तिथपर्यंतचं नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा त्याच्या त्रिज्येच्या, निम्मं, पण हे मधल्या भागापुरतं, गोलाच्या कडेचे किरण जरा अलीकडेच जमतात, म्हणून पूर्वापार हेडलाइटचा रिफ्लेक्टर पॅराबोलिक करतात, म्हणजे कडेचे किरणही त्याच नाभीत जमतील अशा आकाराचा. त्यात एच४ या दोन फिलामेंटच्या हेडलाइट बल्बची गंमत बघा, डिपरची फिलामेंट नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्याखाली पत्र्याची छोटी वाटी असते, म्हणून उजेड खाली रस्त्यावर पडतो. त्याच जागी कसलाही स्वस्तातला एलईडी बसवला की सगळं गणित विस्कटतं आणि रात्री पन्हाळ्याच्या रस्त्याला समोरच्याचे डोळे दिपतात, पण ऐकतंय कोण.

भिंगात प्रकाश आरपार जातो आणि काच जिकडे जाड तिकडे वाकतो. अंतर्गोल भिंग कडेला जाड, म्हणून किरण बाहेर पसरतात. मायनस नंबरचा चष्मा हाच, लांबचं चित्र डोळ्यातल्या पडद्याच्या अलीकडेच जमत असतं, ते जरा मागे ढकलायचं. मायनस २ म्हणजे नाभीय अंतर ५० सेंटीमीटर. जास्त नंबरवाल्या मित्राकडे थोडं बाजूने बघा, काचेतून त्याच्या गालाची कड आत सरकलेली दिसेल.

पण हेही कायम खरं नाही बरं का. पातळ पारदर्शक कवचाचं अंतर्गोल भिंग करून आत नुसती हवा भरली आणि ते पाण्यात धरलं, तर ते चक्क प्रकाश गोळा करतं, कारण आता आतलं माध्यम बाहेरच्यापेक्षा विरळ. आणि अंतर्गोल आरसा पाण्यात बुडवला तर? त्याचं नाभीय अंतर तसूभरही बदलत नाही, परावर्तनाला बाहेर हवा आहे का पाणी याच्याशी देणंघेणंच नसतं.