अर्धी गोळी घेतली तर काय बिघडतं?

औषधाच्या दुकानात उभं राहून मला बावीस वर्षं झाली. अल्प्राझोलॅमची, म्हणजे झोपेसाठी नाहीतर घाबरेपणावर देतात त्या गोळीची, रिकामी स्ट्रिप पुढे करून हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच. गोळी बहुतेक वेळा जावेच्या नाहीतर शेजारणीच्या चिठ्ठीवरची असते. आज तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मी विचारते, रात्री दारू घेता का? पुष्कळांना राग येतो. पण दारूने मेंदू मंदावतो, या गोळीनेही मंदावतो आणि दोन्ही एकत्र पोटात गेली की श्वाससुद्धा संथ होत जातो. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांच्याबरोबरही तोच धोका. घोरता घोरता ज्यांचा श्वास मध्येच थांबतो त्यांनी, सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसाचा जुना आजार, किंवा लिव्हरचा जुना आजार असलेल्यांनी आणि गरोदर बाईने ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊच नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धीही नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला म्हाताऱ्या माणसांची वाटते. आमच्या गल्लीतल्या एक आजी रात्री लघवीला उठल्या आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या. खुबा मोडला. घरचे म्हणाले, वय झालं. उशाशी डायझेपाम होती, याच जातीची गोळी, सुनेची. उतारवयात हे औषध शरीरातून लवकर जात नाही, रोज घेतलं तर साठत जातं. तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो आणि आपण त्याला विसरभोळेपणा म्हणतो.

हे ऐकून कुणी म्हणतं, 'मग आजपासून बंदच करते.' तसंही करू नका हो! महिनोन् महिने रोज घेतलेली गोळी एकदम सोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत सोडायची असते.

चिठ्ठीशिवाय मी देत नाही ते यासाठी. २०१४ पासून या गोळ्या एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. पण वही नसती तरी मी विचारलंच असतं.

आणि गोळी घेतलेलं माणूस हलवूनही जागं होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर झोपू द्या म्हणू नका. १०८ला फोन लावा आणि स्ट्रिप सोबत न्या.