बाबा म्हणाले, तुला फसवलं

दिवाळीची साफसफाई चालली होती, आईने माळ्याखालून आवाज दिला, "हा सीपीयू भंगारात देऊ का?" आमच्याकडे सीपीयू म्हणजे अख्खा डबा, आतल्या चिपला, प्रोसेसरला, सीपीयू म्हणतात हे आईला सांगून सांगून मी केव्हाच थकलोय. तर हा डबा २००५ चा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून असेंबल करून आणलेला, आत इंटेलचा पेंटियम फोर, आणि बाबांकडे त्याचं बिल अजून फाइलला लावलेलं आहे (बाबांकडे लग्नातल्या मिक्सरचंही बिल आहे, तो विषय वेगळा). बाबांनी बिल काढलं, चष्मा लावला, वाचलं, ३.० गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला तीन अब्ज ठोके. मग माझ्या टेबलाखालच्या नव्या मशीनकडे बोट करून विचारलं, याचा किती? मी म्हटलं ३.९. बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "वीस वर्षांत नऊशे मेगाहर्ट्झ? तुला दुकानदाराने फसवलं रे."

हसू नका, मलापण दोन मिनिटं धड उत्तर देता आलं नाही. कारण ज्या काळात आम्ही तो डबा घेतला तेव्हा प्रोसेसर म्हणजे गिगाहर्ट्झ, बाकी काही विचारायचंच नसतं, दुकानातपण लोक "किती गिगाचा दाखवू" असंच बोलायचे.

मग म्हटलं करूनच दाखवू. जुना डबा उघडला, आत धुळीचं जे काय निघालं त्यात एक उशी भरली असती. कूलर काढला तर खालची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पानाच्या डब्यात विसरलेल्या चुन्यासारखी कडक झालेली. ती खरवडून नवी लावली, एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डबीला, हात जोडले, बटण दाबलं, आणि एक्सपी चक्क चालू झालं! पेंटियम फोर ५३०, म्हणजे पेंटियम फोरची प्रेस्कॉट नावाची पिढी, ५१२ एमबी रॅम. समोर माझा एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सहा कोर (एका चिपमध्ये सहा प्रोसेसरच म्हणा), बारा थ्रेड (एका वेळी कामाचे बारा धागे), टर्बो मारला, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवला, की ४.४ पर्यंत जातो. एका जुन्या सीडीवरचा सगळा माल, ७०० एमबीच्या आसपास, दोन्हीकडे कॉपी केला आणि सेव्हनझिपने कॉम्प्रेस करायला लावला. नव्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ खलास. जुन्यावर दहा मिनिटं झाली, बाबा चहा पिऊन आले, तरी हिरवी पट्टी आपली चाललीये.

बाबा म्हणाले हो पण याला सहा कोर आहेत ना, सहा बैल जुंपल्यावर गाडी पळणारच. बरोबर आहे! म्हणून परत एकदा केलं, नव्यावर एकच थ्रेड वापरायला सांगून. तरीसुद्धा तो साधारण पाचपट फास्ट. म्हणजे एकास एक, घड्याळाचा ठोका टर्बो धरूनही फार तर दीडपट, आणि काम पाचपट. हा जो फरक आहे ना तो मला खरा इंटरेस्टिंग वाटतो, सहा कोरचं काय, ते कोणालाही कळतं.

बाबांना मी मोदकांवरून सांगितलं. गणपतीत आमच्याकडे आत्या, काकू, आई ओळीने बसतात, एक उकड मळते, एक पारी करते, एक सारण भरते, एक कळ्या पाडून तोंड बंद करते, शेवटची चाळणीत मांडते. प्रत्येकीचं काम छोटं म्हणून हात पटपट चालतात. पेंटियम फोरमध्ये इंटेलने हेच ताणलं, आधीच्या नॉर्थवूडमध्ये २० टप्पे होते ते प्रेस्कॉटमध्ये ३१ केले. टप्पा जितका छोटा तितका ठोका भरभर देता येतो, म्हणून बिलावर गिगाहर्ट्झ झकास दिसतो. गोची अशी की प्रोग्रॅममध्ये दर पाच-सात सूचनांमागे एक तरी "असं असेल तर हे, नाहीतर ते" येतंच, आणि प्रोसेसर तिथे उत्तराची वाट बघत बसत नाही, अंदाज बांधून पुढचं काम ओळीत ढकलतो. अंदाज चुकला की ओळीतलं सगळं फेकायचं आणि पुन्हा उकडीपासून सुरू. म्हणजे एकतीस बायका बसल्यात, हातात अर्धेमुर्धे मोदक, आणि बाहेरून कोणीतरी ओरडतं, अहो पाहुण्यांना तळणीचे हवेत!

नव्यात ओळ बरीच आखूड आहे, अंदाज फार क्वचित चुकतो, आणि एका ठोक्याला सहापर्यंत कामं पुढे ढकलता येतात, पेंटियम फोरची मजल तीनपर्यंत, तीपण नशीब असेल तेव्हा. शिवाय सामान जवळ. प्रेस्कॉटच्या पोटात १ एमबी कॅशे (हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान मेमरी), त्याच्याबाहेरचं काही लागलं की बोर्डावरच्या चिपसेट नावाच्या मधल्या चिपमार्गे रॅमकडे जायचं, सेकंदाला जास्तीत जास्त ६.४ जीबी. माझ्या रायझनमध्ये १६ एमबी नुसता एल३, म्हणजे तिसऱ्या पातळीचा, कॅशे आहे, विंडोज ९५ च्या काळात एवढी रॅम असलेलं मशीन म्हणजे मिरवायची गोष्ट होती, ती आता चिपच्या आतच. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलरपण प्रोसेसरमध्येच, रॅमच्या दोन स्टिक लावल्या की सेकंदाला ५१.२ जीबीपर्यंत.

आकडे बघून चक्कर येते खरं तर. प्रेस्कॉटमध्ये साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर (चिपमधले बारीक स्विच), ११२ चौरस मिलिमीटरमध्ये. ५६००जी मध्ये १०७० कोटी, जागा फक्त १८० चौरस मिलिमीटर, आणि त्यात ग्राफिक्सपण आलं. वॅटचं बघा, जुना ८४, नवा ६५.

मग ठोका का नाही वाढला, हा बाबांचा मूळ प्रश्न राहिलाच. तर वाढवायला निघाले होते, इंटेलवाले तेव्हा दहा गिगाहर्ट्झच्या गप्पा मारत होते. फेब्रुवारी २००४ मध्ये ९० नॅनोमीटरचा प्रेस्कॉट आला, ट्रान्झिस्टर बारीक म्हणजे चिप थंड असा आधीचा हिशोब, पण झालं उलटंच. इतके बारीक ट्रान्झिस्टर बंद केले तरी करंट ठिबकत राहतो, वॉशर गेलेल्या नळासारखा, आणि व्होल्टेजही पूर्वीसारखं उतरवता येईना. चिप इतकी तापायची की लोकांनी तिचं नाव प्रेसहॉट पाडलं. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्दच केला आणि तेव्हाचे सीईओ क्रेग बॅरेट यांनी भर स्टेजवर गुडघे टेकून त्याची माफी मागितली, अर्थात गमतीगमतीत. आणि आमचा दुकानदार २००५ मध्ये बाबांना सांगत होता, पुढच्या वर्षी याच बोर्डावर चारचा टाकून देतो काका! म्हणजे फसवलं असेलच तर कोणाला, हे मी बाबांना बोलून दाखवलं नाही.

२००६ मध्ये इंटेलचाच कोअर टू ड्युओ आला, तो कमी गिगाहर्ट्झवर पेंटियम फोरला धुवायचा, तिथून सगळ्यांनीच दिशा बदलली. नुसतं वर्डमध्ये पत्र टाइप करायचं असेल तर मात्र आजही दोन्हीत फार फरक जाणवत नाही, उगाच खोटं कशाला बोला.

एवढं सगळं ऐकून बाबा म्हणाले ठीक आहे, मग तुझ्या नव्यावर माझी इतिवृत्तं उघड. बाबा आठ वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, सगळी इतिवृत्तं जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसायची सोय व्हायच्या, आधीचा फॉन्ट. रायझनवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि आकड्यांची खिचडी. सॉफ्टवेअरच टाकावं म्हटलं तर त्याला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं लॉक लागतं, ते लांबडं पंचवीस पिनांचं पोर्ट, माझ्या बोर्डावर ते कुठून असणार. बाबांनी शांतपणे ड्रॉवरमधून लॉक काढलं, जुन्या डब्याच्या मागे खोचलं, आणि २००७ च्या वार्षिक सभेचं इतिवृत्त स्क्रीनवर आलं, पाण्याच्या टाकीचा ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं स्वच्छ मराठीत.

आता तो डबा हॉलमध्ये आहे. काल संध्याकाळी बाबा त्यावर बसले होते, आई आतून ओरडली, "अहो तो पंखा जरा कमी करा, बातम्या ऐकू येत नाहीत." पंखा बंदच होता.