कॅमेरा कुठे उभा होता? जुन्या पुण्याच्या छायाचित्रांची सहामाही नोंद

मागची नोंद मी जूनच्या पहिल्या आठवड्यात लिहिली, तेव्हा माझ्याकडच्या ‘अनोळखी’ असे लिहिलेल्या पाकिटात २३ छायाचित्रे होती. त्यांपैकी सहा या सहा महिन्यांत जागेवर बसली. मी पूर्वी छातीठोकपणे ओळख लावून टाकलेली दोन चुकीची ठरल्यामुळे पाकिटात परत आली, आणि जुन्या बाजारात रविवारी मिळालेली तीन नवी त्यांत पडली. म्हणजे एवढ्या खटपटीनंतर पाकिटात २२ छायाचित्रे आहेत आणि माझी प्रगती एका छायाचित्राची आहे. ती अधिक असावी असे वाटते खरे, पण या काळात माझी कामाची पद्धत बदलली आणि ते मला सहा ओळखींपेक्षा मोलाचे वाटते.

आजवर मी कोणतेही जुने छायाचित्र हाती आले की ‘ही इमारत कोणती’ एवढाच प्रश्न विचारत असे. पेठांमधल्या वाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास फसवतो. सागवानी खांब, त्यांवरच्या महिरपी, रस्त्यावर झुकलेला सज्जा आणि खाली दुकानांचे गाळे ही रचना इतक्या घरांत इतकी सारखी होती की कसब्यातला वाडा नारायण पेठेतला म्हणून सहज खपून जातो, आणि ज्याच्याशी ताडून पाहावे तो वाडा बहुतेक वेळा पाडला गेलेला असतो. म्हणून आता मी आधी इमारतीकडे पाहतच नाही. क्षितिजावर पर्वती दिसते का, तुळशीबागेच्या रामाचे शिखर दिसते का, दूर सिंहगडाची रेघ आहे का, हे पाहतो. न हललेल्या दोन वस्तू एकीमागे एक आलेल्या दिसल्या की नकाशावर त्यांना जोडणारी रेघ पट्टीने मागे ओढता येते, आणि कॅमेरा त्या रेघेवर कुठेतरी असलाच पाहिजे. अशी दुसरी जोडी मिळाली की दोन रेघा छेदतात तिथे तिपाई. इमारतीचे नाव त्यानंतर, जवळजवळ आपोआप कळते.

या पद्धतीचा पहिला खरा कस लागला तो एका रस्त्याच्या छायाचित्रावर. उंचावरून, बहुधा माडीवरून, खाली अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना कौले आणि कौलांच्या वर दोन टोके : उजव्या बाजूला एक नाजूक, दूर भासणारा मनोरा आणि डाव्या बाजूला मंदिराचे भरगच्च शिखर. मनोरा मंडईचा आणि शिखर तुळशीबागेतले, हे मला पाहताक्षणी वाटले. मंडईची इमारत १८८६ साली खुली झाली, तेव्हा छायाचित्र त्यानंतरचे आणि विजेचे खांब येण्याआधीचे, हेही जुळत होते. पण कॅमेऱ्याची जागा काही केल्या सापडेना. मंडई तुळशीबागेच्या आग्नेयेला आहे. तिचा मनोरा शिखराच्या उजवीकडे दिसायचा तर मला दक्षिणेच्या अंगाला उभे राहायला हवे, आणि तिथून मनोरा जवळ व मोठा दिसायला हवा. छायाचित्रात तो दूर आणि लहान होता. दोन रविवार मी शुक्रवार पेठेच्या बोळांतून हिंडलो, एका गच्चीवर चढलो आणि एका गृहस्थांची बोलणी खाल्ली.

त्यानंतर १२०० डीपीआयवर स्कॅन करून पाहिल्यावर रस्त्यावरच्या एका दुकानाच्या दारावर पाटी दिसली. तिच्यावर चार अक्षरे होती, पण वाचता येत नव्हती. अक्षरांवर सलग रेघ होती आणि आकार अनोळखी होते, तेव्हा ही मोडीच असणार असे मी ठरवून टाकले आणि मोडीची बाराखडी समोर ठेवून एक अख्खी संध्याकाळ त्या चार अक्षरांशी झटलो. लागली नाहीत. झोपण्यापूर्वी सहज लक्षात आले की एका अक्षराचा काना त्याच्या डावीकडे आहे. मोडीतही काना डावीकडे नसतो. चित्र उलटे केले आणि साध्या देवनागरीत ‘दुकान’ हा शब्द आणि त्याच्यापुढे एका पुसट अक्षराचा शेष एवढे लख्ख वाचता आले.

काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर ठसा घेताना काचेची रसायनाचा थर असलेली बाजू कागदाला टेकवावी लागते. ती चुकून वर राहिली तर चित्र आरशातल्यासारखे उलटे येतेच, शिवाय मध्ये काचेची जाडी आल्यामुळे ते किंचित मऊही येते. हा मऊपणा मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो आणि ‘जुना ठसा, विरला असेल’ म्हणून सोडून देत होतो. चित्र सुलटे केल्यावर मनोरा शिखराच्या डावीकडे आला, कॅमेरा उत्तरेला गेला आणि बुधवार पेठेतल्या ज्या वळणावर रेघ पोचली तिथे आज चार मजली व्यापारी इमारत आहे. तिच्या गच्चीवर जायला तळमजल्यावरच्या दुकानदारांनी आनंदाने परवानगी दिली. पाण्याच्या काळ्या टाक्यांमधून शिखर अजून तसेच दिसते. मंडईच्या मनोऱ्याचे मात्र एका जाहिरात फलकामागून फक्त टोक दिसते, आणि तेही पंजांवर उभे राहिल्यावर.

ज्यांच्याकडे काचेवरून घेतलेले ठसे आहेत त्यांनी प्रत्येक चित्र एकदा उलटे करून पाहावे, एवढे या प्रकरणावरून सुचवतो. पाटी नसेल तर पेठांमधल्या चित्रांत दुसरी खूण मिळणे अवघड असते. देवळाचा कळस आणि महिरपी दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात.

मंडईचा विषय निघालाच आहे तर तिच्या पोस्टकार्डांबद्दल थोडक्यात. माझ्याकडे आता अशी चार कार्डे आहेत आणि चारही कार्डांवर ‘रे मार्केट’ असेच छापलेले आहे, कारण मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले होते. छापील नावावरून कार्डाचे वय ठरवू नये, कारण छापखान्यातले जुने ठसे वर्षानुवर्षे फिरत असत. त्यापेक्षा तिकिटावरचा राजा पाहावा. सातव्या एडवर्डचे राज्य १९०१ ते १९१०, पंचम जॉर्जचे १९१० ते १९३६. शिक्का वाचता आला तर उत्तमच. पाठीमागे पत्ता आणि मजकूर यांसाठी मधली उभी रेघ नसेल तर ते कार्ड साधारणपणे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे समजायला हरकत नाही. या मंडईवर नगरपालिकेने एवढा खर्च करू नये, तो पैसा शिक्षणाला लावावा, असे म्हणणाऱ्या सभासदाचे नाव जोतीराव फुले होते, आणि आज मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते, हे मला दर वेळी कार्ड हातात घेतल्यावर आठवते. नावांच्या बाबतीत हे शहर मुळात स्वतःच्या सोयीने चालते. १९२३ साली लॉईड ब्रिज म्हणून खुला झालेला आणि पुढे शिवाजी पूल झालेला पूल शंभर वर्षे उलटून गेली तरी ‘नवा पूल’च आहे, आणि लाकडी पुलात लाकूड उरले नाही त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली.

पर्वतीच्या तळ्याचे छायाचित्र मी दोन वर्षांपूर्वीच ‘ओळख पटली’ म्हणून बाजूला ठेवले होते. ते आता परत आलेल्या दोनांपैकी एक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले होते, आणि त्यातल्या बेटावरचा गणपती तोच आजच्या सारसबागेतला. पाण्यात बेट, मागे टेकडी आणि वर देवदेवेश्वराचे शिखर, यात चुकण्यासारखे काय आहे असे मला वाटले होते. चूक ओळखीत नव्हती, जागेत होती. मी तिपाई बागेच्या आजच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी धरली होती. टेकडीचा उतार आणि शिखर यांतले अंतर मोजल्यावर कॅमेरा बराच बाजूला, तळ्याच्या काठाच्या दुसऱ्या टोकाला असला पाहिजे असे दिसते. तिथे आज झाडी इतकी दाट आहे की पर्वती दिसतच नाही. पानगळीच्या दिवसांत पुन्हा जाईन.

दुसरे परत आलेले छायाचित्र घरगुती आहे, साध्या बॉक्स कॅमेऱ्यावर काढलेले. पाठीवर शाईने ‘पानशेत, नारायण पेठ’ एवढेच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले, त्यानंतरच्या दिवसांतले ते असावे. चित्रात एका वाड्याची रस्त्याकडची भिंत पूर्ण नाहीशी झाली आहे आणि आतले घर बाहुल्यांच्या घरासारखे उघडे पडले आहे. खांब आणि तुळया जागच्या जागी आहेत, माडीवरचा कोनाडाही शाबूत आहे, आणि पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची, भिंत मात्र विरघळून खाली ढीग होऊन पडली आहे. वाड्याचे लाकूड आणि माती कशी वेगवेगळी वागते हे मला कोणत्याही आराखड्यापेक्षा या चित्राने अधिक स्पष्ट दाखवले.

हे चित्र मी ओळखीतल्या एका काकांना दाखवले. पूर आला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि ज्या वाड्यातले हे चित्र मी समजत होतो त्याच वाड्यात राहत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “अहो, ही भिंत आमची नाहीच. आमच्या कोनाड्याला वर कमान होती, आई त्यात समई ठेवायची. हा चौकोनी आहे, हा समोरच्यांचा.” मी विचारले, “काका, मग तुमची भिंत?” ते म्हणाले, “आमची तर आतलीसुद्धा पडली. फोटो काढायला काही उरलंच नव्हतं.” म्हणजे छायाचित्रकार काकांच्या वाड्याच्या ढिगाऱ्यावर किंवा त्याच्या शेजारी उभा होता. समोरच्या वाड्याचा सिटी सर्व्हे नंबर काढायचे काम पुढच्या महिन्यात करणार आहे.

एक तक्रारही इथे नोंदवून ठेवतो, कारण ती इतरांच्या उपयोगी पडेल. जुन्या बाजारातल्या तीनांपैकी एक अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा, म्हणजे अल्ब्युमेन पद्धतीचा ठसा होता. हा कागद पातळ असतो आणि गुंडाळत जातो, म्हणून तो त्या काळी जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत असत. मी तो फ्रेम करायला दिला आणि फ्रेमवाल्याने चौकटीत नीट बसावा म्हणून पुठ्ठ्याची खालची पट्टी कापून टाकली. त्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेला छायाचित्रकाराचा अनुक्रमांक होता. त्याची नोंद मी आधी घेतली नव्हती, हा दोष माझा. यापुढे कोणतीही वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी तिच्या चारही कडा आणि पाठ स्कॅन होईल.

आता सध्या हातात असलेल्या कामाबद्दल. एका स्नेह्यांच्या अल्बममधल्या छायाचित्रात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहे, आणि त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेत टोपल्या मांडून बसलेली माणसे आहेत. मंडई होण्यापूर्वी भाजीबाजार याच पटांगणात भरत असे, तेव्हा हे चित्र १८८६ पूर्वीचे असण्याची शक्यता मोठी. कॅमेऱ्याची जागा शोधणे इथे सोपे आहे, दरवाजा आणि बुरूज हललेले नाहीत. मला हवी आहे ती वेळ. उजवीकडच्या बुरुजाच्या दरवाज्याकडे वळलेल्या पैलूवर ऊन आहे, म्हणजे सकाळ. पण त्याच बुरुजाच्या अगदी समोरच्या, उत्तरेकडे तोंड केलेल्या पैलूवरही ऊन चाटून गेले आहे आणि त्यामुळे दगडांचा खडबडीतपणा उठून दिसतो. दरवाजा उत्तराभिमुख आहे. उत्तरेच्या भिंतीवर ऊन यायचे तर सूर्य पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेला हवा, आणि तो तसा मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच असतो. जमीन कोरडी आणि धुळीची आहे, तेव्हा पावसाळा वगळावा लागतो.

पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘७.३०’ असेही लिहिलेले आहे. ही जर वेळ असेल तर ती आजच्या घड्याळाची नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे सुमारे ७३.८५ अंशांवर आहे, त्यामुळे पुण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे पडते. तेव्हाचे साडेसात म्हणजे आजचे आठ वाजून पाच मिनिटे. त्या वेळी उत्तरेच्या पैलूवर ऊन राहायचे तर, माझ्या हिशेबाप्रमाणे, एप्रिलचा पहिला आठवडा उलटलेला हवा. नोव्हेंबरमध्ये मी तरीही जाऊन आलो, सकाळी आणि दुपारी. बुरुजांची उत्तरेकडची बाजू दिवसभर मळकट सावलीत होती. आता १२ एप्रिलनंतरचा पहिला रविवार मी कॅलेंडरवर खूण करून ठेवला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पावणेआठपर्यंत बाजीरावांच्या पुतळ्यापाशी यावे. तिपाई मी आणतो.