अडीच वाजता शिक्षेची सुनावणी

सकाळी साडेअकराला न्यायाधीशांनी सातही आरोपींना दोषी ठरवलं आणि शिक्षेबाबत ऐकण्यासाठी दुपारी अडीचची वेळ दिली. सात वर्षं चाललेला खटला, आणि आरोपी माणूस म्हणून कोण आहे हे सांगायच्या तयारीला माझ्या हातात तीन तास.

प्रकरण एका बंदमधलं. जमावानं एसटी अडवली, प्रवासी उतरवले, काचा फोडल्या आणि बस पेटवली. चालकाचे दोन्ही हात भाजले. माझं वकीलपत्र आरोपी क्रमांक चारचं. त्यानं दगड मारले हे साक्षीपुराव्यात आलं होतं. पेट्रोल ओतलं ते पहिल्या दोघांनी. पण घटनेच्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम १४९ लागलं की बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकानं केलेला गुन्हा त्या जमावातल्या प्रत्येकाच्या माथी येतो. म्हणून सातही जण सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबाबतच्या १९८४ च्या कायद्याच्या कलम ४ खाली दोषी. आगीनं केलेलं नुकसान, किमान एक वर्ष, जास्तीत जास्त दहा.

सुट्टीत माझ्या अशिलाची आई प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढत होती. आयटीआयचं प्रमाणपत्र, गॅरेजमालकाचं पत्र, शाळेचा दाखला. दाखल्यावरच्या जन्मतारखेशी मी थबकले. घटनेच्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता, आता सव्वीस. परिवीक्षा कायद्याचं, म्हणजे तुरुंगाऐवजी हमीवर किंवा देखरेखीखाली सोडण्याच्या प्रोबेशन कायद्याचं, कलम ६ सांगतं, की एकवीसच्या आतल्या मुलाला तुरुंगात पाठवण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहा आणि कारणं लिहा. मात्र वय मोजायचं ते शिक्षेच्या दिवशीचं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच ठरवलेलं. पंचनाम्याचे पंच सापडत नव्हते, तपास अधिकाऱ्याची बदली झाली होती, तारखा पडत गेल्या. तो प्रत्येक तारखेला हजर होता. खटला वर्षभरात उरकला असता तर कायद्याचं हे छत्र त्याच्या डोक्यावर असतं. याचा मला आजही राग येतो.

चहाच्या टपरीवर चालककाका भेटले. निकाल ऐकायला रजा टाकून आले होते. म्हणाले, "मॅडम, दगड मारणाऱ्याला आन् पेटवणाऱ्याला सारखीच शिक्षा असती का हो?" मी म्हटलं, ते कोर्टाच्या हातात आहे. त्यांनी हात पुढे केले. बोटांवरची कातडी ताणलेली, चकचकीत. "काचांचं मी कवाच सोडून दिलं असतं. थंडीत स्टिअरिंग धरवत न्हाई, हे कसं सोडू?"

अडीचला सरकारी वकील उभे राहिले. आज दया दाखवली तर उद्याच्या बंदला दहा बस जळतील, सगळ्यांना सारखी आणि कडक शिक्षा द्या, असं त्यांचं म्हणणं. बस जळते तेव्हा त्या गावाची शाळा आणि दवाखाना तुटतो, हे त्यांचं वाक्य मला पटलं. पण उद्याच्या जमावाची शिक्षा आजच्या माणसानं का भोगायची? ज्या पुढाऱ्यानं चौकात हा बंद पुकारला, त्याच्यावरचा त्याच दिवशीचा रास्ता रोकोचा गुन्हा मागे घेतला गेला होता. राजकीय आंदोलनांचे खटले मागे घेताना जीवितहानी नसावी आणि नुकसान पाच लाखांच्या आत असावं, अशी शासनाची अट असते. आमची बस त्या आकड्यात बसणारी नव्हती.

मी सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा संता सिंग खटल्यातला निकाल वाचून दाखवला. शिक्षेची सुनावणी उपचार म्हणून उरकायची नसते, आरोपीची परिस्थिती खरोखर ऐकायची असते, असं त्यात आहे. मग म्हटलं, कलम १४९ नं दोष सगळ्यांचा एक केला, शिक्षा तरी ज्याच्या त्याच्या हातानं केलेल्या कृत्यावरून द्या. परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ ला वयाची अट नाही, त्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडा, आणि चालकाला भरपाई द्यायला लावा.

साडेपाचला आदेश आला. पहिल्या दोघांना पाच वर्षं. दगड मारणाऱ्यांना, किमान वर्षाच्या खाली जाण्याची विशेष कारणं नोंदवून, सहा महिने, कच्च्या कैदेचे दिवस वजा. दंडातून चालकाला भरपाई. बंधपत्राची विनंती नाकारली. जळालेली बस पाहता तुरुंगवास अटळ आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. सातांना त्यांनी वेगवेगळं पाहिलं, याबद्दल माझ्या मनात आदर आहे. बंधपत्र नाकारणं मात्र मला तेव्हाही चूक वाटलं, आताही वाटतं.

अपिलासाठी शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळेपर्यंत अंधारलं. आई जामीनदाराच्या सातबाऱ्याची प्रत शोधत होती. चालककाका दाराशी थांबले होते. भरपाई कधी मिळेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी खिशातून जुनं तिकीट काढलं, आणि त्याच्या मागे मी खटल्याचा नंबर लिहून दिला.